'डेटा आहे मावशी' : कवट्या, नाकं आणि विज्ञानाच्या वेषातला वंशवाद

सावनी
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, आणि अस्वस्थ होऊन काढतेय.

परवा ताईकडे जेवायला गेले होते. भाचा एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. हुशार, प्रेमळ, आजीची औषधं न विसरता आणणारा मुलगा. जेवताना त्याने मोबाइलवर जगाचा नकाशा दाखवला. प्रत्येक देशाची म्हणे सरासरी बुद्धिमत्ता, रंगांत. आफ्रिका लाल, युरोप निळा, आपण मध्येच कुठेतरी. भारताचा आकडा ८१. मग म्हणाला, "हे देशांचं झालं. आपल्याकडे जातींचंही असंच निघेल, फक्त मोजायची कुणी हिंमत करत नाही." ताई वरण वाढता वाढता "गप जेव" म्हणाली. मी म्हटलं, अरे, याला वंशवाद म्हणतात. तर तो अगदी शांतपणे म्हणाला, "वंशवाद कसा? डेटा आहे मावशी. तुला पटत नाही म्हणून डेटा खोटा होत नाही."

मी शाळेत मराठी शिकवते. त्या वाक्यापुढे मला उत्तर सुचलं नाही आणि घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत राहिलं. द्वेषाने बोलला असता तर रागावता आलं असतं. पण त्याला खरंच वाटतंय की तो विज्ञानाच्या बाजूने उभा आहे.

तर प्रश्न असा : विज्ञानाचे कपडे घालून आलेला वंशाचा अहंकार ओळखायचा कसा? आणि ज्याला आकड्यांवर विश्वास आहे त्याच्याशी बोलायचं कसं? त्याला गप्प बसवायचं नाहीये मला.

तांबडा_फुटाणा
आधी त्याला विचार, नकाशात रंग कुणी भरले. बाकी जाणकार सांगतीलच. खुर्ची पकडून बसलोय.

आकडेमोड
सावनीताई, तो नकाशा मी ओळखतो. संख्याशास्त्र शिकवतो, दर वर्षी एक तरी विद्यार्थी घेऊन येतो.

त्याचं मूळ मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लिन आणि राज्यशास्त्रज्ञ तातू वानहानेन यांच्या २००२ सालच्या पुस्तकात आहे. १८५ देशांचे आकडे दिलेत. त्यांपैकी ८१ देशांतच कुठली ना कुठली चाचणी झाली होती. उरलेल्या १०४ देशांत एकाही माणसाची चाचणी नाही. शेजारच्या देशांची सरासरी काढली आणि छापली! म्हणजे नकाशाचा निम्म्याहून जास्त भाग मोजलेलाच नाही, अंदाजाने रंगवलाय. ज्या देशांत चाचण्या झाल्या तिथेही कुठे एखाद्या गावातली मूठभर पोरं, कुठे आजारी मुलं, कुठे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची परीक्षा. आपल्या पोटनिवडणुकीचा कौलसुद्धा कुणी इतक्या थोड्या लोकांना विचारून सांगणार नाही.

हे आकडे वापरून लिहिलेला एक शोधनिबंध २०२० मध्ये मानसशास्त्राच्या एका मोठ्या नियतकालिकातून मागे घ्यावा लागला. अल्स्टर विद्यापीठाने लिन यांची मानद प्राध्यापकी २०१८ सालीच काढून घेतली होती.

आणखी एक. नेदरलँड्समध्ये सैन्यभरतीला येणाऱ्या तरुणांची तीच चाचणी वर्षानुवर्षं घेतली जायची. १९५२ ते १९८२ या तीस वर्षांत त्यांचे गुण सरासरी २० ने वाढले. तीस वर्षांत डच लोकांचे जनुक बदलले नाहीत. शाळा, दूध, घरं आणि परीक्षा देण्याची सवय बदलली. जेम्स फ्लिन यांनी हे १९८० च्या दशकात दाखवून दिलं. भाच्याला सांगा की ८१ हा आकडा कदाचित आपल्या अंगणवाड्यांबद्दल काही सांगत असेल, आपल्या रक्ताबद्दल नाही.

इंद्रायणीकाठ
वरचा प्रतिसाद उत्तम. पण भाच्याचं दुसरं वाक्य मला जास्त टोचलं. "जातींचं मोजायची कुणी हिंमत करत नाही." हिंमत? सव्वाशे वर्षांपूर्वीच मोजून झालंय, सरकारी खर्चाने.

हर्बर्ट रिस्ले नावाचा आयसीएस, म्हणजे इंग्रजी सनदी सेवेतला, अधिकारी. १८९१ मध्ये बंगालच्या जातीजमातींवर खंड काढले, १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त झाला. त्याचं आवडतं माप नाक. नाकाची रुंदी भागिले लांबी, गुणिले शंभर, हा झाला नासिका निर्देशांक. ७० च्या खाली असेल तर बारीक नाक, ८५ च्या वर असेल तर बसकं, मधलं ते मध्यम. हजारो माणसांना उभं करून कंपासाने नाकं मोजली आणि निष्कर्ष असा काढला की नाक जितकं रुंद तितकी जात खालची. बारीक नाकवाले आर्य, रुंद नाकवाले मूळचे रहिवासी, आणि जातीची उतरंड म्हणजे वंशाची उतरंड. १९०१ च्या जनगणनेत जाती 'सामाजिक दर्जा'च्या क्रमाने लावायचं ठरलं, तेव्हा कुठली जात कुणाच्या वर यावर देशभर अर्जांचा पाऊस पडला. आपली भांडणं आपण त्याच्या तक्त्यात नेऊन घातली, हेही मान्य करायला हवं.

मग तपासणी कुणी केली? गोविंद सदाशिव घुर्ये. मालवणचा माणूस, मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा प्राध्यापक. १९३२ सालच्या पुस्तकात त्यांनी तेच आकडे प्रांतवार घेऊन लावून पाहिले. उत्तर हिंदुस्थानात थोडीफार सांगड लागते, महाराष्ट्रात आणि मद्रासकडे लागत नाही. बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या मुळाचा शोध घेताना, १९४८ मध्ये, हीच मापं हातात घेतली. त्यांचं म्हणणं असं की मानवमापन हे भरवशाचं शास्त्र मानलं तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ब्राह्मण आर्य तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड तर अस्पृश्यही द्रविड. मला या मांडणीचं फार अप्रूप आहे. 'हा डेटा वाईट आहे' म्हणून त्यांनी तो टाकून दिला नाही. उचलला, लावून पाहिला, आणि ज्यांनी जमवला त्यांच्याच पुढे ठेवला.

सावनीताई, भाच्याशी असंच बोलता येईल.

गोदाकाठची_मैना
आम्ही पाच भावंडं, एका आईबापाची. पाच जणांची पाच तऱ्हेची नाकं. काल रात्री पट्टी घेऊन मोजली! धाकट्याचं नाक रिस्लेच्या हिशेबाने वेगळ्याच जातीत गेलं. आई म्हणाली, त्याला लहानपणी सर्दीच फार व्हायची.

आकडेमोड
@मैना, तुमच्या आईने रिस्लेपेक्षा बरं स्पष्टीकरण दिलं :)

इंद्रायणीकाठ यांना पुरवणी. रिस्लेची बंगालची मापं संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी १९३३ मध्ये पुन्हा तपासली, तेव्हा आकड्यांत विसंगती आणि चुका सापडल्या. त्यात आपल्याकडचाही एक धागा आहे. १९२० साली नागपूरला विज्ञान परिषद भरली होती. तिथे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी महालनोबिसांना कलकत्त्याच्या अँग्लो-इंडियन लोकांची मापं तपासायला सांगितलं. दोन गटांमधलं अंतर मोजायचं तर एकट्या नाकावरून ठरवता येत नाही, सगळी मापं आणि त्यांचे आपसातले संबंध एकत्र घ्यावे लागतात. या विचारातून पुढे १९३६ मध्ये महालनोबिस अंतर आलं. आज बँकेतला खोटा व्यवहार पकडायलाही ते वापरतात. चुकीच्या प्रश्नातूनही चांगलं हत्यार निघू शकतं, हातात धरणारा प्रामाणिक असेल तर.

बर्लिनकर
लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

मी बर्लिनच्या डालेम भागाजवळ राहतो. इथे इहनेश्ट्रासे २२ या पत्त्यावर एक साधी, सुंदर इमारत आहे. आज तिथे राज्यशास्त्राचे वर्ग भरतात, मुलं सायकली लावून कॉफी पीत उभी असतात. १९२७ मध्ये तिथे कैसर विल्हेल्म संस्थेचा मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्राचा ('चांगल्या' माणसांचीच संतती वाढवून वंश सुधारायचा, त्याचं शास्त्र) विभाग सुरू झाला. संचालक ऑयगेन फिशर. १९०८ साली हा माणूस आजच्या नामिबियात रेहोबोथला गेला, डच पुरुष आणि खोई स्त्रियांच्या वंशजांची मापं घेतली, आणि संकर घातक असल्याचा शास्त्रीय निर्वाळा दिला. आदल्याच चार वर्षांत तिथे जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला होता, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही.

या फिशरकडे १९२८ मध्ये पुण्याची एक बावीस-तेवीस वर्षांची मुलगी डॉक्टरेट करायला आली. इरावती कर्वे. घुर्यांची विद्यार्थिनी, चित्पावनांवर प्रबंध लिहून एमए झालेली. महर्षी कर्वे म्हणजे तिचे सासरे, आणि त्यांनासुद्धा तिचं जर्मनीला जाणं पसंत नव्हतं. जीवराज मेहतांनी पैसे उसने दिले. फिशरने विषय दिला माणसाच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक. त्याची अटकळ अशी होती की गोऱ्या युरोपीय माणसाची विचारशक्ती वरचढ, आणि ते कवटीच्या असमानतेत दिसणार. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. एकेक कवटी हातात घेऊन, तासन् तास. आणि लिहिलं की असमानता सगळ्यांत आहे, वंशाशी तिचा संबंध दिसत नाही.

गुरूच्याच संस्थेत, परक्या भाषेत, गुलाम देशातून आलेल्या बाईने हे लिहिलं. प्रबंध मान्य झाला, श्रेणी खालची मिळाली.

पुढचं सर्वांना थोडंफार माहीत असेल. १९३३ मध्ये फिशर बर्लिन विद्यापीठाचा प्रमुख झाला. १९३७ मध्ये ऱ्हाइनलँडमधल्या सुमारे ४०० मुलांची, ज्यांचे वडील फ्रेंच सैन्यातले आफ्रिकी शिपाई होते, गुपचूप नसबंदी केली गेली. त्याआधी या मुलांची तपासणी करून शेरे देणाऱ्यांत याच संस्थेतले शास्त्रज्ञ होते. फिशरनंतरचा संचालक फेर्शुअर. त्याचा जुना सहायक मेंगेले नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीत डॉक्टर होता, तो तिथल्या कैद्यांचे इथे डोळे आणि रक्ताचे नमुने पाठवायचा. युद्धानंतर फेर्शुअरला म्युन्स्टरला प्राध्यापकी मिळाली.

२०१४ साली त्या इमारतीजवळ बांधकाम चालू असताना हाडं सापडली. पहिली सापडली ती पुरेशी तपासणी न करताच दहन केली गेली, त्यावर मोठा गदारोळ झाला. नंतर नीट उत्खनन झालं. सुमारे १६,००० तुकडे. मार्च २०२३ मध्ये त्यांचं दफन झालं. कुणाची ते ओळखता आलं नाही.

मी तिथून रोज जातो. भाच्याला घेऊन आलात तर दाखवीन.

वाटसरू_७१
बर्लिनकर, डोळ्यांत पाणी आलं.

पाटीवरची_अक्षरं
इरावतीबाईंबद्दल आदर आहेच. तरी अर्धीच गोष्ट सांगू नये असं वाटतं. भारतात परत आल्यावर त्यांनी मोजपट्टी खाली ठेवली का? नाही. डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी महाराष्ट्रभर फिरून जातीजातींच्या लोकांची डोकी, नाकं, उंची मोजली. वि. म. दांडेकरांबरोबर १९५१ मध्ये ती मापं प्रसिद्धही केली. बर्लिनला शिकलेलं हत्यारच आपल्या माणसांवर चालवलं, असं कुणी म्हटलं तर काय उत्तर आहे?

इंद्रायणीकाठ
@पाटीवरची_अक्षरं, योग्य ठिकाणी बोट ठेवलंत. मला हे असं दिसतं. त्यांनी मोजलं हे खरं, पण मोजून काय मांडलं तेही पाहावं. एकाच नावाखाली येणारे ब्राह्मणांचे गट एका मुळाचे दिसत नाहीत, जाती म्हणजे एका समाजाची फाळणी होऊन झालेले तुकडे नव्हेत तर वेगवेगळे गट शेजारी येऊन राहिलेत, असं त्यांचं मत. गुरू घुर्यांशी त्यांचा इथेच मतभेद. वर कोण आणि खाली कोण, हे ठरवायला त्यांनी कवटी वापरली नाही.

पण वंश नावाची वस्तू मापांतून सापडेल हा त्या काळचा विश्वास त्यांच्यातही उरला होता, हे मी नाकारणार नाही. ज्यांच्याबद्दल आदर आहे त्यांच्याबाबतीतही हे बोलायला हवं.

कोकणकडा
मला थोडं उलट बोलायचंय. तुम्ही सगळे म्हणताय मोजणं वाईट. पण फरक असतील तर? माणसामाणसांत, गटागटांत फरक असतोच की. पंजाब्याची उंची आणि आपली उंची सारखी नाही. प्रत्येक फरक मोजणाऱ्याला वंशवादी म्हणायला लागलो तर वैद्यकशास्त्र कसं चालणार? मला वाटतं भाच्याचा मुद्दा इथे कुणी ऐकूनच घेत नाहीये.

डॉ_निवांत
कोकणकडा यांचा प्रश्न खरा आहे, आणि डॉक्टर म्हणून रोजचा आहे.

पुण्यातलंच उदाहरण देतो. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, एकच, २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटात चरबी लपलेली असते आणि त्याला मधुमेह लवकर गाठतो, हे त्यातून जगाला कळलं. हा गटागटातला फरक मोजणंच आहे. पण त्यापुढे याज्ञिकांनी काय विचारलं? फरक का आहे. आणि उत्तर शोधायला पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांकडे गेले. त्यांचं खाणं, त्यांचे कष्ट, बाळाचं जन्मवजन पाहिलं. भारतीय रक्तच असं, म्हणून विषय संपवला नाही.

आता उलटं उदाहरण. सिकल सेल, तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. अमेरिकेत कितीतरी वर्षं हा 'काळ्यांचा आजार' मानला गेला. गोऱ्या रोग्यात सापडला की डॉक्टर त्याच्या घराण्यात कुणी काळं होतं का ते शोधायचे. आजार ग्रीसमध्ये आहे, सौदीत आहे. १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत सापडला. आपल्या नंदुरबारला, गडचिरोलीला आजही घरोघर तपासणी चालते. या सगळ्या जागा जोडणारी गोष्ट कातडीचा रंग नाही, मलेरिया आहे. जिथे मलेरिया होता तिथे हा जनुक टिकला. वंशाच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांना डास दिसला नाही आणि रोगी मेले.

१९७२ मध्ये जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी हिशेब मांडला की माणसांमधल्या जनुकीय वैविध्यापैकी सुमारे ८५ टक्के एकाच समाजाच्या आत असतं. म्हणजे एकाच पाड्यावरच्या दोन माणसांतच बहुतेक फरक सापडतो.

तेव्हा कोकणकडा, मोजा. जरूर मोजा. मोजणारा 'का' विचारतो की तिथेच थांबतो, मी तेवढंच बघतो.

कोकणकडा
डॉक्टर, उत्तर पटलं. डासाचं मुद्दाम लक्षात ठेवीन.

थेम्सपलीकडे
मी इंग्लंडमध्ये एका इस्पितळात फुफ्फुसांच्या तपासण्या करते. नळीत जोरात फुंकायचं ते यंत्र, स्पायरोमीटर. माझ्या हातून हे कितीतरी वर्षं झालंय, म्हणून लिहिते.

तपासणीच्या आधी संगणकात वय, उंची, लिंग भरायचं आणि मग वंश निवडायचा. यादीत कॉकेशियन, आफ्रिकन-अमेरिकन, ईशान्य आशियाई, आग्नेय आशियाई, इतर. आपण भारतीय 'इतर'मध्ये. निवड बदलली की 'नॉर्मल' किती तो आकडा बदलतो. एकदा एक आजोबा आले. वडील गोव्याचे, आई मोझांबिकची. मला म्हणाले, "मी काय सांगू बाळा?" मी दोन वेगवेगळ्या नोंदी करून पाहिल्या. एकीत फुफ्फुसं ठीक, दुसरीत आजारी. माणूस तोच, श्वास तोच.

नंतर वाचत गेले तेव्हा कळलं हे कुठून आलंय. १८५१ मध्ये अमेरिकेच्या लुइझियानातला सॅम्युअल कार्टराइट नावाचा डॉक्टर. त्याने लिहिलं की गुलामांची फुफ्फुसं मुळातच कमी हवा घेतात, म्हणून सक्तीचं काम त्यांना आरोग्यदायी आहे. याच माणसाने गुलामाच्या पळून जाण्याला एक आजार ठरवून त्याला 'ड्रॅपेटोमेनिया' असं भारदस्त नाव दिलं होतं. पळून का जातो, तर आजारी आहे म्हणून! त्याच्या आकड्यांचा धागा पुढच्या पिढ्यांनी धरून ठेवला आणि तो यंत्राच्या आत जाऊन बसला. बटण दाबणाऱ्या माझ्यासारखीला त्याचा पत्ताही नव्हता. काळ्या कामगाराची फुफ्फुसं मुळातच लहान धरल्यामुळे त्याला भरपाईसाठी गोऱ्यापेक्षा जास्त आजारी असावं लागायचं.

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संघटनेने वंश न विचारणारं समीकरण वापरायला सांगितलं. मूत्रपिंडाच्या चाचणीतला तसाच वंशाचा गुणक २०२१ मध्ये गेला. हे सगळं कालपरवाचं आहे. त्या गोव्याच्या आजोबांना मी त्या दिवशी काय सांगितलं असेल, त्याचा विचार अजून मनातून जात नाही.

तांबडा_फुटाणा
खुर्ची पकडून बसलो होतो ते उगाच नाही. थेम्सपलीकडे, लिहीत राहा.

गोदाकाठची_मैना
थोडं अवांतर, पण घरचंच. वधूवर मंडळाच्या जाहिराती वाचा. 'गोरी, घारी, उच्च कुळातली.' आमच्याकडे घाऱ्या डोळ्यांच्या मुलीचं लग्न पटकन जमायचं. आणि आता नवीन फॅड म्हणजे थुंकी पाठवून डीएनए अहवाल मागवायचा आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायचा की बघा, आपण अमुक इतके टक्के आर्य.

पाटीवरची_अक्षरं
मैना, अवांतर कसलं, गाभ्याचंच आहे ते. ना. सी. फडके आपल्याला कादंबरीकार म्हणून माहीत. पण भारतात सुप्रजननाची चळवळ व्हावी म्हणून त्यांनी इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं, १९२७ मध्ये, आणि त्याला प्रस्तावना अमेरिकेतल्या संततिनियमन चळवळीच्या मार्गारेट सँगरची. त्याच साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या तरुण मुलीच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. 'चांगली बीजं, वाईट बीजं' ही भाषा तेव्हाच्या सुधारकांच्या तोंडी सर्रास होती. वाईट माणसंच असं बोलतात, असं समजलो तर ते आपल्या जेवणाच्या ताटापर्यंत कसं पोचलं ते कळणारच नाही.

वाटसरू_७१
महात्मा फुल्यांनीही आर्य बाहेरून आले हा सिद्धांत वापरलाच की. मग तो विज्ञानाच्या वेषातला वंशवाद नव्हे का?

इंद्रायणीकाठ
@वाटसरू, नाही. जोतीरावांनी साहेबाचीच गोष्ट घेतली आणि उलटी करून विचारलं : तुम्ही बाहेरून येऊन जिंकलंत म्हणता, मग आमच्यावर राज्य करायचा तुमचा हक्क कुठला? कुणाला जन्माने हलकं ठरवायला त्यांनी ती वापरली नाही. १८७३ सालची त्यांची 'गुलामगिरी' तर गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलेली आहे. सिद्धांत म्हणून तो टिकतो का, हा वेगळा प्रश्न. बाबासाहेब जोतीरावांना गुरू मानत, तरी वंशाचा सिद्धांत त्यांनी स्वीकारला नाही.

अण्णा_सोलापूर
मी इथे नेहमी वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

आमचं घर कैकाडी. सोलापुरात सेटलमेंट नावाचा भाग आहे, नवीन पोरांना नाव कुठून आलं ते माहीत नसतं. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. तेव्हाचा युक्तिवाद असा की या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर होतो, तसा चोराचा मुलगा चोर होणार. रक्तातच आहे. १९११ मध्ये तो कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला. तारेच्या कुंपणात माणसं ठेवली, तीच सेटलमेंट. माझे आजोबा त्या तारेच्या आत जन्मले. गुन्हा काय, तर जन्म. बोटांचे ठसे घेतलेले, रोज हजेरी, बाहेर जायचं तर पास.

ठशांचं मी नंतर वाचलं. फ्रान्सिस गाल्टन, ज्याने सुप्रजनन हा शब्दच काढला, त्याला वाटलं होतं की बोटांच्या रेषांत वंश दिसेल. इंग्रज, वेल्श, ज्यू, आफ्रिकी सगळ्यांचे ठसे तपासले. काही दिसलं नाही, आणि १८९२ मध्ये त्याने तसं लिहिलं. ज्याला बोटांत वंश सापडला नाही, त्याच्या शास्त्राने आमच्या बोटांना शाई लावली.

देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला. आम्ही ३१ ऑगस्ट १९५२ ला. पाच वर्षं सोळा दिवसांनी. आमच्याकडे हा हिशेब लहान पोरालाही पाठ असतो.

कायदा गेला. मी पाचवीत असताना वर्गात कुणाची कंपासपेटी हरवली की पहिली पिशवी माझी उघडायची. गुरुजी वाईट नव्हते. त्यांनाही वाटायचं, माहिती आहे.

सावनीताई, तुमचा भाचा म्हणतो जातींचं मोजायची कुणी हिंमत करत नाही. त्याला सांगा, आमचं मोजून झालंय.

सावनी
अण्णा, तुमच्या प्रतिसादानंतर दोन दिवस काही लिहिता आलं नाही. सगळ्यांचे आभार मानायचेत, पण आधी काय झालं ते सांगते.

शनिवारी भाच्याला घरी बोलावलं. आकडेमोड यांनी सांगितलेलं एवढंच विचारलं : या नकाशातल्या किती देशांत खरंच चाचणी झाली ते शोधून सांग. मी काही सांगणार नाही. तो लॅपटॉप घेऊन बसला. दोन तासांनी स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "मावशी, हे चुकीचं आहे गं. यांनी अर्धा भरलाय." त्याला राग आला होता, आपल्याला फसवलं गेल्याचा. मग इरावतीबाईंबद्दल सांगितलं. ते त्याला आवडलं. महालनोबिस अंतर तर त्याला म्हणे पुढच्या सत्रात आहेच.

जातींवरून मात्र वाद झाला. तो म्हणाला, ते इंग्रजांनी केलं, तेव्हा हत्यारं जुनी होती, आज जनुकांवरून नीट करता येईल. मी डॉक्टरांचं सांगितलं, डासाचं सांगितलं. तो गप्प झाला, पण पटला असं मी म्हणणार नाही.

शेवटी अण्णांचा प्रतिसाद त्याच्या हातात दिला. त्याने वाचला. परत वर जाऊन पुन्हा वाचला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "यांच्या आजोबांच्या ठशांचं रजिस्टर अजून कुठे असेल का?"

अण्णा, तो प्रश्न मी तुमच्याकडे पोचवतेय.

बर्लिनकर
अण्णांच्या आधी एक गोष्ट सांगतो, त्या मुलाच्या प्रश्नाला धरूनच. बर्लिनमध्ये वसाहतींतून आणलेल्या हजारो कवट्या अजून आहेत. पूर्व आफ्रिकेतून आलेल्या सुमारे १,१०० कवट्यांचा शोध गेली काही वर्षं चालू होता. २०२३ मध्ये डीएनए जुळवून टांझानियातली हयात नातेवाईक माणसं सापडली. एका कवटीवर 'अकिदा' असं लिहिलेलं होतं. जर्मनांनी १९०० मध्ये फाशी दिलेल्या मांगी मेली या चागा राजाचा तो सल्लागार. त्याच्या घरच्यांना त्याचा पत्ता एकशेवीस वर्षांनी लागला. शोधणारे आहेत, आणि सापडतंही.

आकडेमोड
भाच्याला माझा नंबर व्यक्तिगत निरोपातून देतो. महालनोबिसांचा १९३३ सालचा निबंध वाचायचा असेल तर आम्ही मिळून वाचू. जनुकांबद्दलचे प्रश्नही घेऊन येऊ दे.

अण्णा_सोलापूर
सावनीताई, रजिस्टरं होती. काही पोलिसांकडे, काही सेटलमेंटच्या कचेरीत. आमच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्यांकडे जुना पास आहे, पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. त्यावर नाव आहे, बापाचं नाव आहे, अंगावरच्या खुणा आहेत, अंगठा आहे. ते कुणाला देत नाहीत, पण दाखवतात.

मुलाला घेऊन या. सकाळच्या गाडीने निघालात तर दुपारपर्यंत पोचता. जेवायला घरीच, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी असेल. म्हाताऱ्यांना ऐकू कमी येतं, त्याला सांगा मोठ्याने बोलायचं.